इन्स्टामॅटिकमध्ये ३५ मिमी फिल्म भरताना

मावशीचा कोडॅक इन्स्टामॅटिक १०० हा जुना कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा ठणठणीत होता. अडचण फक्त फिल्मची. त्यात १२६ नावाचं कार्ट्रिज, म्हणजे फिल्म भरलेली प्लॅस्टिकची बंद डबी, लागतं. १९६३ साली निघालेलं हे कार्ट्रिज कोडॅकने १९९९मध्ये बंद केलं. मुंबईतल्या बोरा बाजारातले एक दुकानदार काका म्हणाले, "अहो, जुनं कार्ट्रिज शोधा आणि त्यात ३५ मिमी भरा. रुंदी तीच असते." ते मला चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर मिळालं, मुदत संपलेलं.

कार्ट्रिजच्या सांध्यात पातळ पातं घालून हळूहळू उकललं. घाई केली तर प्लॅस्टिक तडकतं. आतला कागद काढला आणि मागची खिडकी काळ्या टेपने बंद केली, कारण कागद नसला की तिथून उजेड थेट फिल्मवर येतो. पुढचं सगळं चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात आत घालायच्या, उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, चाचपडत. दीडदोन फूट फिल्म कापायची, एक टोक गुंडाळणाऱ्या चकतीला चिकटवायचं, उरलेली दुसऱ्या कप्प्यात सैल गुंडाळायची आणि कार्ट्रिज टेपने बंद करायचं. पावसाळ्यात बॅगेत हात घामेजतात, फिल्म बोटांना चिकटते. मी पंख्याखाली बसून सावकाश केलं.

खरी गंमत फोटो काढताना. १२६च्या फिल्मला प्रत्येक फ्रेममागे एकच भोक असतं आणि कॅमेऱ्यातली खुंटी त्यात अडकली की फिल्म थांबते. ३५ मिमीला भोकंच भोकं, त्यामुळे ती लवकर थांबते. मग फिल्मवर उजेड पडू नये म्हणून लेन्स तळव्याने झाकून बटण दाबायचं, फिल्म पुन्हा पुढे ओढायची, फ्रेम पुरती सरकेपर्यंत. बाणगंगेच्या पायऱ्यांवर मी हेच करत होतो. एक आजी थांबून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बाळा, बिघडलाय का रे?"

या कॅमेऱ्यात फोकस नाही, लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्रही बदलता येत नाही: एफ/११ आणि फ्लॅश नसताना सेकंदाचा नव्वदावा भाग, बस्स. म्हणून ऊन निवडावं लागतं, आणि मला हे मनापासून आवडतं. आयएसओ १००ची (हा आकडा फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगतो) कृष्णधवल फिल्म मुंबईच्या उन्हात छान चालली. उजेड थोडा जास्त झाला तरी निगेटिव्ह सांभाळून घेते.

लॅबमध्ये देताना मात्र कार्ट्रिजवर ठळक लिहा: आत सुटी फिल्म आहे, अंधारातच उघडा. माझे फोटो चौकोनी आले, दोन्ही कडांना भोकांच्या रांगा. मावशीला त्या कडा कापायला हव्या होत्या. मी तशाच ठेवल्या. आता पावसाळी ढगांसाठी जास्त संवेदनशील, ४००ची फिल्म भरतोय.