पहिला खेळ कुठे करायचा? मराठी चित्रपट महोत्सवांना पाठवण्याचा माझा अनुभव

एडिट लॉक झालं (म्हणजे कट पक्का ठरला), आवाजाच्या मिक्सिंगची तारीख मिळाली, की चित्रपट कुठेतरी दाखवून टाकावा असं फार वाटतं. जवळच्या शहरातला छोटा महोत्सव, आयोजक ओळखीचे, हॉल भरण्याची खात्री. हा मोह मी सगळ्यात आधी आवरतो. चित्रपटाचा जागतिक प्रीमियर, म्हणजे जगातला पहिला जाहीर खेळ, एकदाच होतो. भारतात एक जाहीर खेळ झाला की तो संपला, पण आंतरराष्ट्रीय प्रीमियर शिल्लक राहतो. भारताबाहेर कुठेही एक खेळ झाला की तोही गेला. मग उरतात युरोपीय, आशियाई असे खंडवार प्रीमियर. व्हेनिसच्या स्पर्धेला जागतिक प्रीमियरच लागतो. इतर काही महोत्सवांचे काही विभाग आंतरराष्ट्रीय प्रीमियरवरही चित्रपट घेतात.

मराठी चित्रपटांचा हमखास घात होतो तो परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये कुणीतरी हौसेने तिकीट लावून एक खेळ करतं, फेसबुकवर फोटो येतात, आणि महोत्सवाच्या फॉर्ममधल्या ‘देशाबाहेर प्रदर्शन झालं आहे का’ या प्रश्नाचं उत्तर बदलतं. कलाकार-तंत्रज्ञांसाठी बिनतिकीट केलेला खेळ सहसा धरत नाहीत, पण त्याचंही पोस्टर करू नये.

तारखा उलट्या मोजाव्या लागतात. कान मे महिन्यात, व्हेनिस ऑगस्टच्या शेवटी, लगेच टोरंटो, मग रॉटरडॅम जानेवारीअखेर आणि बर्लिन फेब्रुवारीत. यातल्या शेवटच्या दोघांच्या प्रवेशिका साधारण गणपती ते दिवाळी या काळात जातात, म्हणजे डिसेंबरात पूर्ण होणारा चित्रपट पूर्ण होईपर्यंत थांबलात तर लगेच येणाऱ्या बर्लिनला मुकला. मुदतीत कच्चा कट पाठवता येतो, कलर आणि साउंड बाकी असल्याची पाटी सुरुवातीला टाकून. पण नाकारलेला चित्रपट पुढच्या वर्षी नव्याने सहसा बघत नाहीत. बॅकग्राउंड म्युझिक नसलेलं एक वेळ चालतं. लांबी ठरलेली नसेल तर मी पाठवत नाही.

हा क्रम नीट जुळला की काय होतं, ते चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’वरून दिसतं. संहितेच्या टप्प्यावर रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदत, २०१४ च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या ‘ओरिझोंती’ या मुख्य स्पर्धेशेजारच्या विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपट, त्याच वर्षी मुंबईच्या महोत्सवात, मग २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि थिएटरमध्ये एप्रिल २०१५. ‘स्थळ’ २०२३ मध्ये टोरंटोला दाखवला गेला, तिथे आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि महाराष्ट्रात लागला मार्च २०२५ मध्ये. पहिल्या खेळापासून थिएटरपर्यंत वर्ष-दीड वर्ष गृहीत धरायचं, आणि तेवढ्या काळाचं कर्जाचं व्याजही.

चित्रपट अर्धवट असतानाच दार उघडतं ते गोव्यात. नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवासोबत भरणारा फिल्म बाजार (२००७ पासून, २०२५ पासून नावात ‘वेव्ह्ज’) म्हणजे महोत्सवांचे निवडकर्ते, सेल्स एजंट (चित्रपटाचे हक्क विकून देणारे) आणि निर्माते एकाच आवारात. कच्चा कट ‘व्ह्यूइंग रूम’मध्ये ठेवता येतो आणि निवड झाली तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅबमध्ये परदेशी एडिटर व महोत्सव-संचालक तो बघून बोलतात. तिथे पोस्टर वाटत फिरण्यापेक्षा दहा जणांच्या वेळा आधी मेलवर ठरवून जावं.

आता सबटायटल. यात सगळे पैसे वाचवतात आणि इथेच चित्रपट पडतो. निवडकर्त्याला मराठी येत नाही. त्याच्यासाठी सबटायटल हीच संहिता. शंभर मिनिटांच्या बोलक्या चित्रपटात हजारेक सबटायटल होतात. एका ओळीत ४२ अक्षरांपर्यंत, दोनच ओळी, सेकंदाला १५ ते १७ अक्षरांपेक्षा वेग नको, आणि एका सेकंदापेक्षा कमी वेळ कुठलीच ओळ नको. शॉट बदलताना ओळ पुढच्या शॉटवर दोन-तीन फ्रेम सांडली तर डोळ्याला खुपते.

भाषांतराचं खरं दुखणं वेगळंच. बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते आणि एका प्रसंगात अचानक ‘अरे’ म्हणते. मराठी प्रेक्षक दचकतो, इंग्रजीत दोन्हीकडे काहीच उरत नाही. अशा वेळी त्या ‘अरे’च्या जागी नवऱ्याचं नुसतं नाव घालायचं आणि आधी चित्रपटभर ते नाव तिच्या तोंडी येऊ द्यायचं नाही. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींचं ‘आंटी’ केलं तर कोण कुणाची हे पंधराव्या मिनिटाला कळेनासं होतं. त्यापेक्षा पात्राचं नाव वापरावं. भिंतीवरची पाटी, मोबाइलवरचा मेसेज, पाठीमागे लागलेला अभंग यांचंही सबटायटल लागतं. अभंग पूर्ण नको, प्रसंगाला भिडणारी एक ओळ पुरते. शेवटी मराठी न येणाऱ्या एका माणसाला बसवून चित्रपट दाखवायचा. तो जिथे मागे जाऊन पुन्हा बघतो, तिथली ओळ चुकलेली असते.

स्क्रीनर म्हणजे निवडकर्त्यांना बघायला पाठवायची, पासवर्ड घातलेली व्हिमिओची लिंक. १०८० पी, १० मेगाबिटच्या आसपास, सबटायटल चित्रातच पक्की केलेली. आवाज स्टीरिओ, आणि तो वेगळा करून घ्यायचा. थिएटरचा ५.१ मिक्स (सहा चॅनेलचा) तसाच चढवला तर संवादांचा मधला चॅनेल दबतो आणि लॅपटॉपवर बघणाऱ्याला नुसता पाऊस ऐकू येतो. पासवर्ड निकाल लागेपर्यंत बदलायचा नाही. चूक सापडली तर नवी लिंक न करता त्याच लिंकवर फाइल बदलायची. लिंक उघडली का, किती मिनिटं बघितली, हे दिसतं. ते रोज बघू नये, झोप जाते.

प्रवेशिका बहुतेक फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून किंवा महोत्सवाच्या स्वतःच्या फॉर्मवरून जातात. मोठ्या महोत्सवांत फी शंभर-दीडशे युरोंच्या घरात जाते, उशिराच्या मुदतीत आणखी वाढते. कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून ठेवा, आणि बँकेचा साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा मार्कअप हिशेबात धरा. फी माफीसाठी चार ओळींचा मेल मुदतीच्या महिनाभर आधी लिहिला तर काही जण देतात. शेवटच्या दिवशी कुणी देत नाही. यादीत मी दहा-बारा नावांपुढे जात नाही. दर महिन्याला ‘पुरस्कार’ वाटणारे, हॉलमध्ये खेळ न करता पीडीएफ प्रमाणपत्र पाठवणारे महोत्सव शेकड्यांनी आहेत. त्यांची लॉरेलची पानं (निवडीचं चिन्ह) पोस्टरवर लावली की खऱ्या निवडकर्त्याला ती लांबूनच ओळखू येतात.

निवडीचा मेल आला की तो तसाच ठेवायचा. महोत्सव जाहीर करेपर्यंत गावभर पेढे वाटता येत नाहीत. त्या मेलसोबत साहित्याची यादी येते: डीसीपी (थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरसाठीची चित्रपटाची प्रत), संवादांची यादी, ३०० डीपीआयची पाच-सहा स्थिरचित्रं, दिग्दर्शकाचा फोटो, ट्रेलर. स्थिरचित्रं शूटिंगच्या वेळीच काढलेली नसतील तर फ्रेम उचलून छापावी लागते आणि ती कॅटलॉगमध्ये मऊ दिसते.

डीसीपीत चुका होतात त्या ठरलेल्याच. पहिली, सेकंदाला २५ फ्रेमवर केलेलं शूटिंग. डीसीपी सगळीकडे निर्धोक चालते ती २४ फ्रेमवर. १०० मिनिटांचा चित्रपट २५ वरून २४ वर आणला की १०४ मिनिटं १० सेकंदांचा होतो आणि आवाजाची पट्टी उतरते. साउंडवाल्याने ती सुधारली नाही तर नायिका सर्दी झाल्यासारखी बोलते. शूटिंगच्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्यावर २४ लावणं हा त्यावरचा खरा इलाज. दुसरी, चौकट. १९२० बाय १०८० चं चित्र १९९८ बाय १०८० च्या फ्लॅट चौकटीत दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेल काळे सोडून बसवतात. ताणून बसवलं तर चेहरे रुंद होतात. तिसरी, एकाच ड्राइव्हवर सबटायटल असलेली आणि नसलेली अशा दोन आवृत्त्या. प्रोजेक्शनिस्ट हमखास चुकीची लावतो. परदेशी पाठवताना मी एकच ठेवतो.

आकाराचा अंदाज असा: २५० मेगाबिट प्रति सेकंद ही कमाल मर्यादा, म्हणजे १०४ मिनिटांना जास्तीत जास्त १९५ जीबी, प्रत्यक्षात १३० जीबीच्या आसपास धरा. २० मेगाबिटच्या अपलोडला त्याला साडेचौदा तास लागतात, तेही वीज गेली नाही तर.

कुलूपबंद डीसीपीसाठी केडीएम, म्हणजे ती उघडणारी डिजिटल किल्ली, लागतो. तो थिएटरच्या त्या एका सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरताच चालतो. ऐनवेळी स्क्रीन बदलली की जुना केडीएम निरुपयोगी. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की स्थानिक, हे न विचारता दिली की साडेपाच तासांचा घोळ होतो आणि पडदा काळाच राहतो. छोट्या चित्रपटाला कुलूप नकोच, असं माझं मत आहे.

आवाजाचंही लिहून पाठवावं लागतं. मिक्सिंग फेडर (थिएटरच्या आवाजाची पातळी ठरवणारं बटण) ७ वर ठेवून होतं, पण थिएटरवाले ५ च्या आसपास ठेवून देतात, कारण जाहिराती कर्कश असतात. शांत चित्रपटात मग दूरची मोट, पंख्याची घरघर, सगळं नाहीसं होतं. खेळाआधी दहा मिनिटांची तपासणी मागून घ्यायची: एक अंधारा प्रसंग, एक हलक्या आवाजाचा, एक सबटायटलचा.

भारतातलं गणित सेन्सॉरभोवती फिरतं. जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, पण महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते आणि खेळ नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरता राहतो. म्हणून पुणे, मुंबई, केरळ, कोलकाता, धरमशाळा इथे प्रमाणपत्राशिवाय जाता येतं. राष्ट्रीय पुरस्कारांना मात्र प्रमाणपत्र त्याच कॅलेंडर वर्षातलं हवं. डिसेंबरात घाईने घेतलेलं प्रमाणपत्र ते वर्ष खाऊन टाकतं. इंडियन पॅनोरमाची (इफ्फीतला भारतीय चित्रपटांचा विभाग, १९७८ पासून, पूर्वी चित्रपट महोत्सव संचालनालय बघायचं, आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजे एनएफडीसी) प्रवेशिका याच्याशी जुळवून भरायची. तिथे प्रीमियरची अट आडवी येत नाही, म्हणून तो दुसरा-तिसरा टप्पा. पुण्याच्या महोत्सवातला मराठी स्पर्धा विभागही तसाच. त्यात ‘संत तुकाराम’ पुरस्कार आहे आणि समोर भाषा कळणारा प्रेक्षक आहे.

एक गैरसमज इथेच सांगून टाकतो. राज्य सरकार काही मराठी चित्रपट कानच्या फिल्म मार्केटला पाठवतं. तो बाजार आहे, महोत्सवाची निवड नव्हे. तिथल्या खेळाला खरेदीदार येतात, ज्युरी येत नाही. गेलात तर जरूर जा, पण ‘कानमध्ये निवड’ असं पोस्टरवर लिहू नका. बाहेरच्या माणसाला एका मिनिटात कळतं.

पैसा येतो तो पहिल्या मोठ्या खेळानंतर. पुढचे काही महोत्सव स्वतःहून बोलावतात आणि दर खेळामागे काहीशे युरो देतात. मागितले तरच, तेव्हा निमंत्रणाच्या पहिल्याच उत्तरात मागायचे. विमानाचं तिकीट बहुधा दिग्दर्शकाचंच, तीन रात्रींचं हॉटेल, बाकीचे स्वखर्चाने. शेंगेन व्हिसाची बायोमेट्रिक वेळ निमंत्रण पत्राच्या दिवशीच घ्यावी.

थिएटरचं प्रदर्शन उरकलं की न्यू जर्सीच्या मंडळाला तारीख द्यायची. त्यांना डीसीपी सहसा लागत नाही, साधी फाइल पुरते. सबटायटल मात्र काढू नका. तिथली मुलं ‘अहो’ ऐकतात आणि खाली वाचतात.