आमची वाटचाल: आधी नाव विचारा, मग पाणी

२०११ मध्ये नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत एक शटरचा गाळा भाड्यानी घेतला आणि फायर एक्स्टिंग्विशर रिफिलिंग सुरू केलं, मी आणि माझा पार्टनर दोघंच. तो इथल्याच नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजमधून कोर्स करून आलेला, मी आठ वर्षं एका केमिकल युनिटमध्ये सेफ्टी बघायचो. सिलेंडर भरा, टॅग लावा, बिल पाठवा, पेमेंटसाठी तीन महिने फोन करा, पहिली दोन वर्षं यातच गेली.

मग बुटीबोरीकडच्या एका औषध कंपनीतून दुपारी फोन आला. भाऊ, डस्टबिन पेटलं, आम्ही दोनदा विझवलं, परत पेटते, इथं कोणी काडी लावली नाही का काही नाही! गेलो तर पॅलेडियम कार्बनचं (औषध बनवताना रिॲक्शनला वापरतात ती काळी पावडर) वापरलेलं फिल्टर कापड साध्या कचऱ्यात टाकलेलं, लंच टाइममध्ये वाळलं आणि हवा लागून आपोआप पेटलं. त्यांचं म्हणणं असं की डीसीपी (एक्स्टिंग्विशरमधली कोरडी पावडर) मारलं की ज्वाळा जाते, म्हणजे विझलं. पण माल तसाच असतो, पावडर बाजूला सरली की परत हवा लागते आणि परत पेटतो. पार्टनरनी लांब चिमट्यानी कापड उचलून पाण्याच्या बादलीत बुडवलं, विषय संपला. त्या दिवशी घरी येताना आम्ही ठरवलं की नुसतं रिफिलिंग नाही करायचं, हवेत आपोआप पेटणाऱ्या केमिकलचं काम शिकायचं, कारण ऐनवेळी कोणाला बोलवायचं हे त्या प्लांटमधल्या माणसांना माहीतच नव्हतं.

पण शिकायला लागलो तेव्हा कळलं की एकच नियम सगळीकडे चालत नाही. ट्रकवर क्लास ४.२ चं, म्हणजे आपोआप पेटणाऱ्या मालाचं लेबल असतं, वर पांढरं, खाली लाल, मध्ये ज्वाळेचं चित्र, पण त्याच लेबलखाली पिवळा फॉस्फरस पण येतो आणि ब्युटाइल लिथियम पण येतं. फॉस्फरस पाण्याखालीच ठेवतात, त्याला पाणी पाहिजेच. ब्युटाइल लिथियमवर पाणी पडलं तर ते पाण्याशीच भांडतं, ब्युटेन गॅस सुटतो, आग आणखी भडकते, तिथं कोरडी वाळू नाहीतर धातूच्या आगीची स्पेशल पावडर लागते, सीओटू पण काही कामाचा नाही. म्हणून आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न एकच, मालाचं नाव काय, ते नाही माहीत तर ड्रमवरचा यूएन नंबर (धोक्याच्या मालाला जगभर असतो तो चार आकडी नंबर) वाचा. १३८१ म्हणाले की फॉस्फरस, ३३९४ म्हणाले की ब्युटाइल लिथियमसारखा माल, पाण्याचा पाइप खाली ठेवा, आम्ही येतो. समोरचा घाबरलेला असतो, ओरडतो, आधी या ना दादा म्हणतो, तरी नंबर घेतल्याशिवाय आम्ही गाडी काढत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट यार्डनी. मे महिना, आणि नागपूरचा मे म्हणजे काय ते सांगायला नको, पारा ४५ च्या वर. फॉस्फरस ४४ डिग्रीला वितळतो, म्हणजे उन्हात ठेवलेल्या ड्रममध्ये तो घट्ट राहिलाच नव्हता. एका ड्रमला तळाशी बारीक भोक पडलं, आधी पाणी गळालं, मग आतला माल हवेला लागला, पांढरा धूर निघायला लागला. यार्डवाल्यांनी १०१ ला फोन केला होता, ते बरोबरच, पण तोपर्यंत एकानी पाइप लावून जोरात धार मारली आणि जळते तुकडे चारी बाजूला उडाले. पाणी बरोबर होतं, धार चुकीची होती. आम्ही पोचलो तेव्हा अग्निशमनचे लोक आलेले, त्यांच्यासोबत मिळून हलका फवारा, वरून ओली वाळू, नालीच्या तोंडाशी वाळूचा बांध (फॉस्फरसचे कण नालीत गेले तर वाळल्यावर तिथं पेटतात), मग गळका ड्रम पाणी भरलेल्या मोठ्या ड्रममध्ये. धूर म्हणजे फॉस्फोरिक अॅसिडच, म्हणून मास्क सगळ्यांना. संध्याकाळी अंधार पडला तेव्हा आमच्या एका मुलाच्या बुटाखाली हिरवट चमकताना दिसलं, एवढासा कण चिकटलेला. बूट लगेच बादलीत. त्या रात्री कोणी घरी गेलं नाही, जमीन वाळली की परत धूर येतो म्हणून सकाळपर्यंत ओलं करत बसलो. पैसे पाच महिन्यांनी मिळाले, त्याचं काही वाटलं नाही, पण ड्रम उन्हात ठेवू नका हे माल उतरवणाऱ्या हमालांना कोणीच सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे.

आता आम्ही अकरा जण आहोत, हिशोब बायको बघते, कॉन्ट्रॅक्ट वर्षभराची असतात. ट्रेनिंगमध्ये मी दरवेळी अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या लॅबचा किस्सा सांगतो, डिसेंबर २००८, एक मुलगी टर्ट ब्युटाइल लिथियम (ब्युटाइल लिथियमचाच प्रकार) सिरिंजनी काढत होती, दट्ट्या बाहेर आला आणि ते पेटलं, अंगात सिंथेटिक स्वेटर, वर लॅब कोट नाही, ती मुलगी १८ दिवसांनी गेली. वय फक्त २३. सांगून झालं की मी थांबतो थोडा वेळ, मग ज्याच्या ज्याच्या अंगात पॉलिएस्टरचा टी शर्ट आहे त्याला आधी कपडे बदलून यायला सांगतो, त्याशिवाय पुढचं शिकवत नाही.

आणि वाळू. लोकांना वाटतं वाळू म्हणजे वाळू. कोरडी पाहिजे म्हणजे खरंच कोरडी पाहिजे, ओलसर वाळू ब्युटाइल लिथियमवर टाकली तर ती पाणी टाकल्यासारखीच. म्हणून पावसाळ्याआधी आम्ही सगळी वाळू गच्चीवर ताडपत्रीवर पसरून वाळवतो, झाकणाच्या ड्रममध्ये भरतो, झाकणाला टेप मारतो. जुलैमध्ये दर सोमवारी नवीन पोरगा एकेक ड्रम उघडून आत हात घालतो, वाळू हाताला चिकटली की तो ड्रम बाजूला काढून वाळू परत वाळवायला भट्टीवर. आज दोन निघाले.