जळगावात बसून अगत्तीचा तळ : भागायचं तिथे गुणलं

उपग्रहाच्या प्रतिमेवरून समुद्राची खोली काढायचा खटाटोप चालू आहे. मागच्या नोंदीत इथवर आलो होतो: लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाची सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाने टिपलेली एक बिनढगांची प्रतिमा, 10 मीटरचे पिक्सेल, आणि संशोधक स्टम्फच्या 2003 च्या पद्धतीने निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या लॉगचं गुणोत्तर. पाण्यात हिरवा प्रकाश निळ्याआधी संपतो, म्हणून खोली वाढली की गुणोत्तर वाढतं. पण ते मीटरमध्ये आणायला काही जागांची खरी खोली हातात लागते. जळगावात बोट कुठून आणू?

म्हणून आइससॅट-2. 2018 ला सोडलेला उपग्रह, 532 नॅनोमीटरचा हिरवा लेझर. त्याच्या फाइलमधले फोटॉन (परत आलेले प्रकाशकण) आलेखावर मांडले की पृष्ठभागाची दाट रेघ दिसते, आणि तिच्याखाली विरळ ठिपक्यांची, वर-खाली होत जाणारी दुसरी. तोच तळ. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि घरात सांगायला कोणी जागं नव्हतं. (पृष्ठभाग उणे नव्वद मीटरच्या आसपास दिसला तर घाबरू नका. उंची डब्ल्यूजीएस84 लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते आणि तिकडे समुद्रपातळीच त्याच्या तेवढी खाली आहे.)

आता माझा गाढवपणा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे खोली नव्हे, अपवर्तनाची (पाण्यात शिरताना प्रकाश वळतो आणि मंदावतो, त्याची) दुरुस्ती करावी लागते, हे वाचलं होतं. काकांच्या केळीच्या मळ्यात शेततळं आहे. त्यात तळ नेहमी वर आल्यासारखा दिसतो. काठी घातली की कळतं, पाणी बरंच जास्त आहे. तोच हिशेब इथे लावला आणि सगळे आकडे 1.34 ने, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या अपवर्तनांकाने, गुणले. नकाशा झकास दिसला. फक्त खाजणात (बेटालगतच्या, प्रवाळाने अडवलेल्या उथळ पाण्यात) जिथे तीन मीटरच्या आत पाणी हवं, तिथे पाच.

दोन रविवार कोड तपासण्यात गेले. चूक कोडमध्ये नव्हतीच. डोळा किरणाची दिशा बघतो, म्हणून त्याला तळ उथळ वाटतो. लेझर मात्र जाण्यायेण्याचा वेळ मोजतो. पाण्यात प्रकाश मंदावतो, आणि हिशेब हवेतल्या वेगाने केलेला, म्हणून तळ खोल निघतो. भागायचं होतं! फाइलमधले आठ मीटर म्हणजे खरे सहा. भागल्यावर तीच जागा 2.8 वर आली.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "समिंदर तठे शे, तू आठे बशीसन काय मोजस?" उत्तर नव्हतं.

सध्या अडलंय ते समुद्रगवतापाशी. गवताचा काळपट तळ या पद्धतीला खोल पाण्यासारखा वाटतो. गुणोत्तराने तळाचा रंग आपोआप निघून जातो असं या पद्धतीबद्दल म्हणतात, पण त्यावर माझा आता विश्वास नाही. त्यात अगत्तीच्या खाजणात हिरवी कासवं ते गवत चरतात. म्हणजे जुन्या आणि नव्या प्रतिमेत "खोली" बदललेली दिसली, तर वाळू सरकली की कासवांनी कुरण संपवलं, हे वेगळं काढावं लागेल.

मध्ये हौसेने हतनूर धरणावरही हेच करून पाहिलं. तापीच्या गाळात हिरवा प्रकाश तळापर्यंत पोचतच नाही, नकाशा म्हणजे गढूळपणाचाच नकाशा. तो नाद सोडला.

पुढच्या वेळी अगत्तीच्या उन्हाळ्यातल्या दोन वेगळ्या वर्षांच्या प्रतिमा, भरतीची वेळ जुळवून.