धारेची वेळ

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बायकोनं विचारलं, "तुमच्या घरात सगळ्यांचा मिळून असा एकही फोटो नाही का हो?"

आईला यंदा सत्तर पूर्ण होतात. तिला साडी चालत नाही ("आधीच्याच पडल्यात कपाटात"), सोनं आम्हाला झेपत नाही, म्हणून मोठी फ्रेम करून द्यायची असं ठरलं. मी म्हटलं, असतील की ढीगभर. माळ्यावरून अल्बम काढले, चपलांच्या खोक्यातले सुटे फोटो काढले, फरशीवर सगळा पसारा मांडला आणि तासाभरानं लक्षात आलं, की बायकोचं खरं आहे. प्रत्येक फोटोत कोण ना कोण कमी आहे.

1988 सालचं आत्याचं लग्न. मांडवात पन्नास माणसं दाटीनं उभी, आज्जी नाही. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेतला फोटो, सगळे गुलालानं माखलेले, आप्पा नाहीत. धाकटीचा साखरपुडा, वहिनी नाही. माझ्या पदवीदानाच्या फोटोत मी आणि आप्पा. आई नाही.

कुठं होती ही माणसं, हे कुणालाच विचारावं लागलं नाही. गोठ्यात होती.

ज्यांच्या घरी म्हसरं आहेत त्यांना यातलं काही सांगायला नको. पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच, या दोन खुंट्यांवर आमचं घर टांगलेलं. संध्याकाळचे पाच म्हणजे खरं तर चार. शेण भरायचं, म्हशी धुवायच्या, सरकी-पेंडीचं आंबोण कालवायचं, मग धार, मग किटली घेऊन डेअरीत रांग. पावणेचार झाले की आई कुठंही असो, तिचं चित्त उडायचं. पाहुण्यांच्या घरी चहा येईपर्यंत ती तीनदा दाराकडं बघायची. "मी जातो बाई, म्हसरं खोळंबल्यात." कोल्हापूरकडच्या बायका 'जातो'च म्हणतात, पण आईच्या 'जातो'त मला नेहमी ड्युटीवर निघालेला माणूस दिसायचा.

लग्नाच्या मुहूर्ताची तर गंमतच. दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त असला तर आमचं अख्खं घर हजर. पण गोरज मुहूर्त आला की आज्जीच्या कपाळाला आठी. गोरज म्हणजे गुरं घरला येताना उडालेली धूळ. आता ज्याच्या घरला गुरं येतात, त्यानं त्या वेळी घरी थांबायचं की अक्षता टाकायला जायचं? हा मुहूर्त ज्यानं काढला त्याच्या दावणीला एक शेळीसुद्धा नसणार, असं आज्जीचं मत होतं. माझं लग्न 2009 ला गोरजावरच लागलं. मुलीकडच्यांची सोय. दादा ऐन अक्षतांना धापा टाकत मांडवात शिरला आणि मंगलाष्टकं संपायच्या आत परत फिरला. व्हिडिओत सहा सेकंद दिसतो. शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजलेली.

म्हैस दुसऱ्या कुणाकडं सोपवून जावं, तर तेही जमत नाही. तिला हात लागतो तो ओळखीचा. परका माणूस कासेखाली बसला की ती दूध चोरते. उगाच कशाला शास्त्र सांगू. डॉक्टर सांगतात की पान्हा मेंदूतून सुटतो आणि जनावर बुजलं की अडतो. आमच्या चंद्रीनं हे डॉक्टरांच्या आधी सांगून ठेवलं होतं.

चंद्री पंढरपुरी. शिंगं तलवारीसारखी मागं वळून पाठीपर्यंत गेलेली, कपाळावर पांढरा चांद. 1996 साली मी नववीत असताना आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, ती आठ दिवस दवाखान्यात. पहिल्या दिवशी आप्पा बसले धारेला. कास गरम पाण्यानं धुतली, सड चोळले, गोंजारलं, शिव्या दिल्या. चंद्री रवंथ करत उभी. दूध पावशेर. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आज्जी उंबऱ्यातून म्हणाली, "तिचं लुगडं गुंडाळ की."

आप्पा तालमीत वाढलेले. मिशा अशा की लिंबू ठेवावं. ते काही बोलले नाहीत. दांडीवरचं आईचं हिरवं जुनेर त्यांनी ओढलं, डोक्यावरून घेतलं, पदर खांद्यावर टाकला आणि चरवी गुडघ्यांत धरून बसले. चंद्रीनं मान वळवून जुनेराचा वास घेतला. मग मिशीचा घेतला. मग बराच वेळ विचार केला. आणि पहिली धार चरवीत वाजली. रिकाम्या भांड्यात पडणाऱ्या त्या पहिल्या दोन-चार धारांचा आवाज वेगळाच असतो, नंतर फेस धरला की तो मऊ होत जातो. सगळं दूध दिलं नाही तिनं. थोडं संशयाखातर राखून ठेवलं. पण किटली भरली. नेमका त्याच वेळी शेजारचा तात्या तंबाखू मागायला आला, दारात थबकला आणि तंबाखू न मागताच परत गेला. आप्पांनी हे आठही दिवस केलं. आई घरी आल्यावर तिला कुणी सांगितलं नाही, पण तिनं जुनेर हातात घेतलं, नाकाला लावलं आणि कोपऱ्यात तोंड लपवून हसत बसली. टाके ताणले म्हणून परत रडली.

याचा फोटो असता तर आज फ्रेमचा प्रश्नच नव्हता.

आता एक कबुली. कोल्हापूरचा माणूस असून मी धारोष्ण दूध पीत नाही. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर धार काढतात, फेसाळलेला ग्लास हातात देतात, बाहेरगावचे पाहुणे तर ते प्यायला मुद्दाम जातात. मीही त्यांना घेऊन जातो, पैसे देतो आणि स्वतः शेजारी उभा राहून गाड्या मोजतो. पाहुणे विचारतात, पोटाला सोसत नाही का? तसं काही नाही. लहानपणी आमच्या घरात दूध ही प्यायची वस्तूच नव्हती. ते डेअरीचं होतं. दोन वेळच्या चहापुरतं बाजूला काढायचं, बाकी सगळं किटलीत. आम्ही ताक प्यायचो, तेही शेजारचं. किटलीतला पेलाभर जरी घेतला तरी आईला फॅटच्या चिठ्ठीवर तो दिसायचा, असं आम्हाला वाटायचं. चिठ्ठी ती बिनचष्म्याची वाचते अजून. "काल सात-दोन लागली, आज सहा-चार कशी?" हा तिचा डेअरीच्या सेक्रेटरीशी तीस वर्षं चाललेला खटला आहे. सेक्रेटरी तीन बदलले, खटला तोच. पूर्वी काचेच्या नळीत ॲसिड घालून फॅट काढायचे, तेव्हा तिचा ॲसिडवर संशय होता. आता मशीन आलं, तर मशीनवर आहे.

पण या चिठ्ठ्यांवरच घर चाललं. उसाचं बिल आप्पांचं. ते एकरकमी यायचं, सोसायटीचं कर्ज, खताची उधारी असं जाता जाता घरापर्यंत पोचायचं तेव्हा त्याचं नुसतं पाकीट उरायचं. दुधाचं बिल मात्र दहा दिवसांनी, आणि ते आईचं. वह्या, एसटीचा पास, परीक्षेची फी, आज्जीच्या गोळ्या, सगळं "बिल झालं की बघू" या एका वाक्यावर तरलेलं. कॉलेजात मित्र विचारायचे, तू नेहमी एक, अकरा आणि एकवीस तारखेनंतरच कसा सिनेमाला येतोस?

दादानं हिशेब घातला की मात्र सगळं कोलमडतं. दर दिवाळीला फरकाचं बिल, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची डेअरीची जादा रक्कम, आलं की तो वही काढतो. पेंडीचं पोतं इतकं, वैरण इतकी, डॉक्टर इतका, रेतन दोनदा वाया गेलं त्याचे इतके, स्वतःची मजुरी धरायचीच नाही. शेवटी खाली रेघ मारून म्हणतो, "परवडत न्हाई. यंदा दोन इकून टाकायच्या." आणि गुढीपाडव्यापर्यंत एक नवीन म्हैस दारात उभी. 2016 ला तर तो गावातल्या तिघांबरोबर थेट हरियाणाला गेला आणि मुऱ्हा घेऊन आला. काळीभोर, शिंगं जिलबीसारखी वळलेली, चालणं एखाद्या फौजदारिणीचं. आठ दिवस ती वैरणीला तोंड लावेना. वाडं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, तिला ठाऊकच नसावं. आमच्याकडं तर हंगामात उसाच्या वाड्यावरच जनावरं जगतात. दादा हबकला. आईनं निदान केलं, "मराठी कळत न्हाई तिला." आणि मालिका बघून आलेल्या हिंदीत ती तिला समजवायला लागली. "खा बेटी, खा. इधर ऐसाच मिलता हाय." नवव्या दिवशी बेटी खायला लागली. आता ती मराठीत शिव्या खाते आणि आठ लिटर देते.

मी दादाला एकदा विचारलं, हे कशासाठी चाललंय? तो वैरण कापत होता. कडबाकुट्टीच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. म्हणाला, "ते बुट्टी सरकव हिकडं." मी बुट्टी सरकवली.

तर फोटो. अल्बम संपले, खोकं संपलं. मग मोबाईलमध्ये मागं मागं जाताना तो सापडला. विसरलो नव्हतो, पण काढतही नव्हतो.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. नदीकाठच्या पोरांना पाढ्यांच्या आधी हे दोन आकडे येतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं. पंचमीला धाकटी माहेरी आली होती, ती अडकली. आई फोन उचलेना म्हणून मी मोटरसायकल काढून गेलो, माझ्या मागं रस्ता बंद झाला. बोटवाले येऊन ओरडत होते, माणसं आधी चला. माणसं हलेनात. म्हसरं सोडून कोण जाणार? शेवटी रात्रीत कमरेएवढ्या पाण्यातून एकेक म्हैस कासऱ्याला धरून माळावर नेली. मुऱ्हा पोचली, तिची वगार पोचली, बाकीच्या पोचल्या. चंद्रीची नात, तीही चंद्रीच, दिवस भरत आलेली, ती गोठ्यात बसली ती उठेना. ओढलं, शेपूट पिरगाळलं, आईनं हाक मारली. पाणी गव्हाणीला लागलं तेव्हा आप्पांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडलं. "मोकळं असलं की पोहत जातंय जित्राब," असं म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

माळावर चार दिवस. रस्ते बंद, त्यामुळं दुधाची गाडी नाही, संकलन नाही. आणि म्हशी तर धारेला उभ्याच. त्यांना महापूर कुठला कळतोय. पहिल्यांदा आमच्या दुधाला जायला जागा नव्हती. आई सगळ्या माळाला वाटत सुटली. माझ्यासमोर स्टीलचा पेला धरला, वर फेस, वर पावसाचे थेंब. "पी की रं." मी प्यालो. बरं लागलं, वाईट लागलं, काहीच सांगता येत नाही. गरम होतं.

तेव्हाच बिस्किटं-चादरी घेऊन आलेल्या कुठल्याशा मंडळाच्या पोरानं फोटो काढला आणि माझ्या नंबरवर पाठवला. निळ्या ताडपत्रीखाली आप्पा, आई, दादा, वहिनी, दोन्ही पुतणे, धाकटी, मी. मागं पाच म्हशी ओळीनं. आई कॅमेऱ्याकडं बघत नाहीये, वगारीकडं बघतेय. आप्पांच्या मुठीत दावं आहे, त्याचं दुसरं टोक खाली चिखलात लोळतंय. पाणी उतरल्यावर आम्ही चार गावं हिंडलो.

बायकोनं मोबाईल हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, एकेक तोंड बघितलं, आप्पांच्या हाताशी थोडी थांबली.

"यात सगळे आहेत," मी म्हटलं.

"मी कुठंय?"

खरंच की. ती शहरात होती त्या आठवड्यात, दोन पोरांना घेऊन, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळ कोरडे, टँकरमागं घागर घेऊन पळत होती. मी फोटो परत बघितला, जणू कडेला कुठं तरी ती निघेल.

फ्रेमवाल्याला काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. आईलाच विचारावं म्हणून फोन लावायला घेतला, तर साडेचार झालेले. आता सात वाजेपर्यंत ती काही उचलायची नाही.