मनगटाचं माप वेगळं, ब्रेसलेटचं वेगळं

चपलेचा नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, शर्टाचाही येतो, पण मनगट किती सेंटिमीटर आहे असं कुणी विचारलं की माणूस आधी हाताकडे बघतो आणि मग "मीडियम असेल" म्हणून मोकळा होतो. आता मीडियम म्हणजे नक्की किती, हे बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. बायकांसाठी साधारण ७ इंच आणि पुरुषांसाठी ८ इंच असा एक ढोबळ हिशेब बऱ्याच ठिकाणी चालतो, पण मनगटं काही असा हिशेब बघून वाढत नाहीत.

मोजायला टेप नसली तर कागदाची पट्टी घ्या. दोराही चालतो पण तो ताणला जातो. करंगळीच्या बाजूला जे हाड वर येतं ना, त्याच्या आसपास जिथे ब्रेसलेट बसावंसं वाटतं तिथेच पट्टी गुंडाळायची, खूण करायची, मग ती फूटपट्टीवर ठेवून माप बघायचं. आणि जमलं तर संध्याकाळी मोजा, कारण उकाड्यात किंवा खूप चाललं की हात जरा फुगतात आणि सकाळी छान बसलेलं ब्रेसलेट रात्री काचायला लागतं. ज्या हातात घालणार तोच हात मोजायचा हेही आलंच, कामाचा हात बऱ्याचदा किंचित जाड असतो.

पण हे झालं मनगटाचं माप. त्यात किती मिळवायचं ही खरी गंमत आहे आणि ते उत्तर टेप देत नाही. सेंटिमीटरभर मिळवलं तर ब्रेसलेट जागचं हलत नाही, दीड-दोन मिळवले तर बेताचं सैल, अडीचच्या पुढे गेलं की ते पार हातावर घरंगळतं. फोटोत हे घरंगळणारंच सुंदर दिसतं, मान्य, पण दिवसभर कीबोर्डवर हात असणाऱ्यानं ते घालून बघावं एकदा, दर दोन मिनिटांनी टेबलावर खडखड!

त्यात मण्यांचं ब्रेसलेट असेल तर हिशेब अजून बदलतो. दोरा जातो मण्याच्या मधोमध, म्हणजे तो त्वचेपासून अर्धा मणी लांब राहतो, दोन्ही बाजूंनी मिळून वर्तुळाचा व्यास एका मण्याइतका वाढला, आणि मग शाळेत ज्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं तो ३.१४ इथे कामाला येतो, मण्याच्या जाडीला त्यानं गुणलं की तेवढी लांबी मनगटाच्या मापात वाढते. मनगट १६ सेंटिमीटर आणि मणी १० मिलिमीटरचे असतील तर नुसतं टेकण्यासाठीच सुमारे १९.१ सेंटिमीटर लांबी लागते, सैलपणा अजून धरलेलाच नाही! मणी ६ मिलिमीटरचे असले तर १७.९ मध्ये काम होतं. म्हणून सरळ ठेवून मोजलेली लांबी सांगताय की आतला घेर, हे विचारून घ्यायला लाजू नये. इलॅस्टिक आहे, ताणलं जाईल, हा युक्तिवाद मला पटत नाही. मण्यांच्या मधून दोरा दिसायला लागला की समजा ते घट्ट आहे आणि एक दिवस मणी घरभर होणार.

कड्याची गोष्ट निराळी. ज्याला उघडायला काहीच नाही त्याला मनगटाशी घेणंदेणं नाही, त्याला पंजातून जायचंय, त्यामुळे अंगठा आत दुमडून पंजाचा सगळ्यात रुंद भाग मोजायचा. समोरून उघडं असलेलं कडं असेल तर ते मनगटाच्या बाजूनं, जिथे हात चपटा असतो तिथून आत सरकवून फिरवायचं. दरवेळी दोन्ही टोकं फाकवून घालत राहिलं तर धातू वाकून वाकून कडक होतो आणि शेवटी तुटतो.

कुणाला भेट द्यायचं असेल तर मी सरळ मागे जादा कड्या असलेली चेन घेते, दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी निभावतं. तेही नको असेल तर त्यांचं रोजचं एखादं ब्रेसलेट गुपचूप उचलून मोजा, लॉकसकट मोजा कारण लॉकचीही लांबी त्यात धरतात, आणि ते मण्यांचं निघालं तर आधी मण्याची जाडी बघा.