ट्री फार्मवर झाड निवडताना: स्प्रूस, फर की पाइन?

खरं ख्रिसमस ट्री घ्यायचं तर ते मातीत उभं असतानाच बघून निवडावं, या मताचा मी आहे. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला, गर्दीचा दिवस टाळून, आम्ही दोघं एका ट्री फार्मवर, म्हणजे ही झाडं लावून विकतात त्या शेतावर गेलो. रात्रीच्या पावसाने ओळींमधल्या वाटा चिखलाच्या झाल्या होत्या. गमबूट, जाड हातमोजे आणि मोजपट्टी सोबत असू द्या. उघड्या आभाळाखाली आठ फुटी झाडही बुटकं वाटतं, त्यामुळे नजरेवर विसंबू नका. निघण्यापूर्वी छताची उंची मोजून त्यातून स्टँड आणि शेंड्यावरच्या चांदणीसाठी फूटभर वजा करा. जागेची रुंदीही मोजा, ती बहुतेक जण विसरतात.

फाटकावरच्या माणसाने उंचीचं नावही काढलं नाही. "झाड घरात किती दिवस ठेवणार? हीटर कुठे आहे?" एवढंच विचारलं. पुढे फिरताना लक्षात आलं, की जात ठरते ती याच दोन उत्तरांवर.

पहिल्या ओळी नॉर्वे स्प्रूसच्या. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १९४७पासून दरवर्षी ऑस्लोहून जे झाड येतं, त्याची जात हीच. दिसायला झोकदार, वासही छान, पण उबदार खोलीत सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, भराभर गळतात. चौकातल्या गारठ्यात उभं राहणं वेगळं. ऐन सणाच्या तोंडावर आणणार असाल तरच हे घ्या. शेजारचं ब्लू स्प्रूस निळसर चंदेरी आणि फांद्यांनी दणकट, जड सजावट सहज पेलतं. सुया मात्र अशा टोचतात, की हातमोज्यांची किंमत तिथेच कळली. घरात रांगतं मूल असेल तर नकोच.

पाटी नसेल तर एक सुई तोडून चिमटीत फिरवा. सहज फिरली तर स्प्रूस, चपटी असल्याने अडली तर फर. दोन-दोन किंवा पाच-पाच सुयांचे जुडगे दिसले तर तो पाइन.

आमचा बराचसा वेळ फरच्या ओळींत गेला. नॉर्डमन फर मूळचं काळ्या समुद्राच्या पूर्वेच्या कॉकेशस डोंगरांकडचं. गडद, चकचकीत, मऊ सुया, आणि त्या टिकतातही भरपूर. महिनाभर झाड ठेवायचं असेल तर डोळे झाकून घ्यावं. वास मात्र जवळपास नाहीच, आणि आमच्या सौ.ना तोच हवा होता. बाल्सम फर त्या बाबतीत सरस. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतलं फ्रेझर फर मला सगळ्यांत पटलं: वासही आहे, सुयाही धरून ठेवतं, फांद्या वर वळलेल्या आणि मजबूत, घेर आटोपशीर. आमची खोली लहान आणि हीटर चालू, त्यामुळे तेच ठरलं. डग्लस फर नावाला फर, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात खरं फर नव्हे. ते मऊ आणि सुगंधी आहे, पण फांद्या बारीक, म्हणून हलकीच सजावट लावा.

स्कॉट्स पाइनच्या सुया झाड सुकलं तरी गळत नाहीत. लोक याला गुण म्हणतात. मला ते जरा फसवं वाटतं, झाड वाळलंय हे पटकन कळत नाही.

आधीच कापून ठेवलेलं झाड घेणार असाल तर फांदीच्या टोकाकडच्या सुया बोटांत धरून हलकेच ओढा. हिरव्या सुया मूठभर हातात आल्या तर पुढे चला. आतल्या बाजूच्या थोड्या तपकिरी सुया पडल्या तर घाबरू नका, त्या पडायच्याच.

जाळीत गुंडाळलेलं झाड गाडीच्या टपावर बांधताना बुंधा पुढच्या बाजूला ठेवा, म्हणजे वाऱ्याने फांद्या उलट्या पिसकटत नाहीत. घरी आल्यावर बुंध्याची दोन-अडीच सेंटिमीटरची चकती सरळ कापून काढा आणि झाड लगेच पाण्यात ठेवा. उशीर झाला तर कापलेल्या जागी चीक धरतो आणि पाणी वर चढत नाही. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून साल तासू नका, पाणी सालीलगतच्या थरांतून चढतं. त्यापेक्षा मोठा स्टँड घ्या. पाणी साधंच, त्यात साखर किंवा औषध घालायची गरज नाही. बुंध्याच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरमागे दिवसाला साधारण एक लिटर धरा. पहिले दिवस सकाळ-संध्याकाळ बघा, पातळी कापाच्या खाली जाऊ देऊ नका. झाड हीटरपासून लांब ठेवा, दिवे एलईडीचेच लावा, आणि सुया ठिसूळ लागायला लागल्या की सण उरलेला असला तरी झाड बाहेर काढा.