ग्रॅव्हिटी हिल लॉग: गोटी चढली एकदाची!

मंडळी, टेबलावरचं मॉडेल एकदाचं चाललं. काचेची गोटी डोळ्यादेखत चढावर जाते आणि घरातले येऊन येऊन बघतायत, आईने तर टेबलाखाली वाकून चुंबक लावलाय का ते चेक केलं.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. ग्रॅव्हिटी हिल म्हणजे खरं तर उतरता, पण डोळ्याला चढ वाटणारा रस्ता. लेहहून कारगिलकडे जाताना साधारण 30 किमीवर, निम्मूच्या अलीकडे, मॅग्नेटिक हिल लागतो. रस्त्यावर चौकोन आखलाय, तिथे गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेक सोडला की ती हळूहळू "वर" सरकायला लागते. कोणी म्हणतं डोंगरात चुंबक आहे, कोणी म्हणतं ही स्वर्गाची वाट, पुण्यवान माणसाला रस्ता आपणहून ओढून घेतो, आणि वर विमानंसुद्धा तिथून लांबून नेतात ही फोडणी आहेच. चुंबकाचं मला कधीच पटलं नाही, पाणी ओतलं तरी ते गाडीच्याच दिशेने जाणार ना, त्याला कोण ओढतंय?

गंमत आकड्यात आहे. स्कॉटलंडमध्ये एअरशरला इलेक्ट्रिक ब्रे म्हणून असाच रस्ता आहे, तिथल्या दगडावर खरा उतार चक्क कोरून ठेवलाय, 86 ला 1. म्हणजे 1.2 टक्क्यांच्याही आत. आता डांबरी रस्त्यावर कारला आपोआप घरंगळायला साधारण 1 टक्का तरी उतार लागतोच, त्याहून कमी असेल तर गाडी जागची हलणार नाही आणि फार जास्त असेल तर डोळे फसणार नाहीत. या चिंचोळ्या पट्ट्यात बसणारी जागा मिळाली की झाला चमत्कार, आणि गाडी इतकी सावकाश निघते की कोणीतरी मागून ढकलतंय असंच वाटतं.

बाकी काम आजूबाजूचा डोंगर करतो. क्षितिज दिसत नाही, मग डोळा समोरचा रस्ता मागच्यापुढच्या उताराशी ताडून बघतो. इटलीत पाओला ब्रेसान आणि सहकाऱ्यांनी हे टेबलावर मॉडेल करून दाखवलंय, पेपर 2003 चा आहे, जरूर वाचा. त्यांनी टेपचा रोल सोडला होता, मी गोटी.

माझं मॉडेल असं: प्लायच्या तीन पट्ट्या बिजागरीने जोडल्या. पहिली आणि तिसरी चांगल्या उतरत्या, मधली 60 सेंमीची, तिला फक्त 1 सेंमी उतार (जवळपास 1 अंश). समोर पुठ्ठ्याला भोक पाडून एका डोळ्याने बघायचं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की जादू बरीच उतरते. मधली पट्टी सरळ सरळ चढ वाटते! मग मागे काळ्या कागदाचं खोटं क्षितिज लावलं आणि ते डोळ्याच्या पातळीच्या खाली सरकवत गेलो, तसतसा चढ अजून खडा दिसायला लागला. आणि सगळं स्वतःच्या हाताने मोजून ठोकलेलं असूनही भोकातून बघताना अजूनही चढच दिसतो, त्याला इलाज नाही.

जीपीएसचे स्क्रीनशॉट टाकून "हाइट वाढली, सिद्ध झालं" म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती, 100 मीटर रस्त्याला 1 टक्क्याने फरक पडतो 1 मीटरचा आणि फोनची उंची त्याहून कितीतरी जास्त इकडेतिकडे होते. फोटो पण नकोत, कॅमेरा जरा तिरका धरला की संपलं. धरायचाच असेल तर फ्रेममध्ये ओळंबा लटकवा.

आणि नाणेघाटाचा उलटा धबधबा यात मोजू नका प्लीज. तिथे पाणी खरोखर वर जातं, वाऱ्याने. आपला विषय वेगळा.

पुढचा बेत गुजरातचा, गीरजवळ तुळशीश्यामच्या अशाच रस्त्यावर जायचंय. गवंड्यांची असते तसली पारदर्शक लेव्हल ट्यूब घेतलीये, 10 मीटरची. एक टोक इकडे, एक तिकडे, पाण्याची पातळी दोन्हीकडे तीच, तिथून रस्त्यापर्यंत खाली टेपने मोजायचं. 1 टक्का उतार असला तर दोन टोकांत जवळपास 10 सेंमीचा फरक येतो, त्यात वाद घालायला जागा नाही. ट्यूबमध्ये बुडबुडा राहू न देणं एवढं मात्र सांभाळायचं, आणि दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल. येणार असाल तर सांगा, पेट्रोल निम्मं निम्मं.